उणे

पहिलं माकड पडलं ते बमू येडग्याच्या काजूत.
शिमग्याला पंधरा दिवस होते,
बोंडू अजून हिरवे, वारा पडलेला,
आणि ते झाडाखाली असं निजलेलं
जसा बाजारातून पिऊन आलेला माणूस,
एक हात डोक्याखाली.

मारुतीचा अंश, म्हणाले सगळे.
तसंच टाकायचं का?
चौघांनी खांदा दिला:
बमू, त्याचा मेव्हणा सोमा झोरे,
पुंडलिक गावकर, आणि शाळा सोडलेला नारू.
लुगडं मी दिलं. माझंच. हिरवं, काठ विरलेलं.
नारळ फोडला, जास्वंद वाहिली,
पातेरा बाजूला सारून खड्डा खणला,
हातांनीच माती लोटली.

मी गावची आशा.
माझ्या वहीत माकडांचा रकाना नव्हता.

आठव्या दिवशी सोमाला ताप.
नवव्या दिवशी नारूला.
डोळे रातांब्यासारखे,
हिरड्यांतून रक्त, मान उचलेना,
उजेड नको म्हणून तोंडावर घोंगडं.
खानापूरला नेलं, तिथून बेळगावला.
रक्त बर्फाच्या डब्यातून शिमोग्याला गेलं.
त्याची चिठ्ठी आली तेव्हा
सोमाच्या दारात मांडव नव्हता,
पण माणसं मांडवाएवढी होती.

डॉक्टर नवे, गदगकडचे.
मराठी त्यांना 'बसा' आणि 'किती दिवस' इतकीच,
मला कन्नड फॉर्म भरण्यापुरती.
नखावर एक ठिपका ठेवून दाखवला,
तिळाहून बारीक, चालणारा.
म्हणाले, उण्णे.
मला ऐकू आलं, उणे.
मी मान हलवली.
झोऱ्यांच्या घरात एक उणे,
हे त्यांना कुणी सांगितलं, असं वाटलं क्षणभर.

गोचीड मला ठाऊक होती ती म्हशीच्या कासेची,
चिंचोक्याएवढी, दगडावर फुटणारी.
ही तिची पोरं.
माकड थंड झालं की उतरतात
आणि पातेऱ्यात पाय पसरून वाट बघतात,
कुणीतरी ऊबदार येईल म्हणून.
आले होते ना. चार खांदे. रांगेनं.

आता संध्याकाळी घरोघर जाते.
गुडघ्याच्या मागं बघा, काखेत बघा,
करगोट्याखाली, कानामागं.
म्हातारा धाकलू लाजला.
बायको गेल्यापासून, म्हणाला, पाठ कुणी बघितली नव्हती.
तिथं काही नव्हतं.
तरी मी हात थोडा वेळ तसाच ठेवला.

गावात म्हणतात, मातीला पाणी कमी घातलं,
खांदा नीट दिला नाही, म्हणून कोप.
मी म्हणते, तेल चोळा,
पातेऱ्यात अनवाणी जाऊ नका.
खांदा दिला म्हणूनच, हे तोंडावर येतं
आणि मला माझं लुगडं आठवतं.

सोमाची बायको फॉर्मवर अंगठा देताना विचारते,
कशानं गेले ते?
माकडताप.
ती बराच वेळ शाईकडं बघते.
मग म्हणते, आणि माकडाला कशाचा होता?

नारू उठला. हात थरथरतात अजून,
चहाची बशी वाजते तेव्हा घरातले गप्प होतात,
फुटली नाही ना एवढंच बघतात.

काल दुसरं पडलं, ओढ्याच्या अलीकडं.
मादी. पोटाशी काही नव्हतं, बरं झालं.
पंचायतीची माणसं तोंड बांधून आली,
पन्नास फुटांवरून पांढऱ्या पुडीचं रिंगण केलं,
काठीनं, काठीनंच सगळं.
नारळ नाही, कुणी 'राम' म्हटलं नाही.
ते गेल्यावर मी रिंगणाबाहेरून
एक जास्वंद भिरकावली.
पोचली नाही. पुडीवरच पडली.

घरी येऊन दिव्याजवळ
ज्या हातानं तोडली तो हात तपासला,
खांद्यापर्यंत. मग पुन्हा,
उलटा धरून.